हिबाच्या गाडीचे टायर

१८ ऑक्टोबर, शनिवार

हिबाने गाडी घेतली. मला न विचारता. जुनी, छोटी, पांढरी. मार्चपासून जर्मनीत नर्स आहे, त्यामुळे आता सगळे निर्णय परस्पर. म्हणाली, "अब्बा, हॉस्पिटल वर डोंगरात आहे. बस तासाला एक. ड्यूटी संपली की वेट करत बसायचं."

मी एकच विचारलं — टायर कसे आहेत? तर म्हणते, "काळे."

ती हसली. मला नाही हसू आलं. बावीस वर्षं इथे आखातात, वादी कबीरमध्ये टायर विकतोय आणि माझ्या पोरीला टायर फक्त काळे दिसतात.

१९ ऑक्टोबर

टायरचे फोटो मागवले. पहिल्यात नुसता रस्ता. दुसऱ्यात तिचा बूट. तिसऱ्यात एकदाची बाजू दिसली. साइज बरोबर, नक्षी भरपूर शिल्लक. आणि बाजूला स्पष्ट छापलेलं — एम प्लस एस. म्हणजे चिखल आणि बर्फ, दोन्हीला चालणारा. आमच्या दुकानात मोठ्या गाड्यांच्या निम्म्या टायरांवर हीच अक्षरं असतात. अर्बाब, आमचा अरब मालक, त्यावर जबल अखदरचा डोंगर चढून येतो.

तिला कळवलं — टायर चांगले आहेत. बदलायची गरज नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

पुन्हा तोच विषय. तिची घरमालकीण म्हणते, थंडीचे टायर वेगळे असतात, ते बसवल्याशिवाय या घाटात गाडी काढू नकोस. हिबा म्हणाली, "अब्बा, इथे सगळेच चेंज करतात. ऑक्टोबरमध्येच."

"सगळे करतात म्हणून तू करणार?"

"तसं नाही, पण त्या म्हणतात की..."

"टायर हा माझा धंदा आहे की त्या बाईचा?"

जरा मोठ्यानेच म्हणालो. मग, "ठीक आहे अब्बा."

रहिमा शेवटी पोरीची आई. ताट उचलताना म्हणाली, "ती तिथे राहते. तुम्ही इथे एसीत बसून बर्फावर बोलताय." म्हटलं, रबर सगळीकडे रबरच असतं.

३ नोव्हेंबर

दुकानात गर्दी. मशीन दोनदा बंद पडलं. हिबाचा मेसेज — ऑल गुड.

८ नोव्हेंबर, शनिवार

डोकं भणाणलंय.

उल्हास आला होता, पलीकडे अझैबाला राहतो तो. पुण्याचा माणूस, इंजिनियर, सगळ्या गाड्यांचे टायर माझ्याकडेच बदलतो. अलाइनमेंट होईपर्यंत चहा घेत बसला. बोलता बोलता हिबाच्या गाडीचं निघालं. तो जर्मनीत तीन वर्षं राहिलेला.

"नुसतं एम प्लस एस?" म्हणाला. "नूरभाई, ते आता चालत नाही तिथे. कायदा बदलला गेल्या वर्षी. टायरवर डोंगराचं चित्र हवं, आणि त्यात बर्फाची चांदणी. ती खूण नसेल तर तो थंडीचा टायर नाहीच."

म्हटलं, खूण काय, कंपनी काहीही छापते.

"खुणेचं सोडा. त्या टायरचं रबरच वेगळं असतं. सात डिग्रीच्या खाली आपले टायर लाकडासारखे होतात. थंडीचे मऊ राहतात."

तो गेल्यावर मागच्या गोदामात जाऊन बघितलं. एकेक टायर फिरवून. दीडशे तरी असतील. डोंगराची खूण एकावरही नाही. कशी असणार? इथे टायर वितळू नये म्हणून धडपड. माझी सगळी अक्कल पन्नास डिग्रीची आहे.

हिबाला सांगायला हवं. रहिमाला सांगितलं. ती म्हणाली, "मग लावा ना फोन. आत्ताच."

११ नोव्हेंबर

फोन लावला. आधी आवाज तुटत होता. मग लागला तर ती ड्यूटीवर निघालेली. विचारलं, बर्फ पडलाय का? "नाही अब्बा, फक्त थंडी." बरं म्हटलं. जेवलीस का विचारलं. ठेवला.

का नाही बोललो? काय कठीण होतं? दोन वाक्यांचं काम. शुक्रवारी नक्की.

१४ नोव्हेंबर

नमाजनंतर रहिमाचा भाऊ आला, जेवायला थांबला. राहिलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

हिबाची गाडी घसरली.

काल रात्री तिकडे बर्फ पडला. सकाळी ड्यूटीवर जाताना दुसऱ्या वळणावर ब्रेक मारला आणि गाडी सरळ पुढे गेली. स्टिअरिंग फिरवतेय पण गाडी वळतच नाही, म्हणाली. कडेच्या लाकडी कुंपणावर अडकली. पलीकडे ओढा आहे, खाली बराच. तिला काही लागलं नाही. अल्लाची मेहरबानी.

ती शांतपणे सांगत होती, नर्स पेशंटला सांगते तशी. आणि मी काय बोललो? "वेगात असशील." आणखी वर — "वळणाच्या आधी गिअर उतरवायचा, शिकवलं नव्हतं?"

"थर्टीवर होते, अब्बा."

रहिमाने माझ्या हातातून फोन काढून घेतला. आतल्या खोलीत गेली, दार लावलं. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "त्या खुणेचं तिला सांगितलंत का कधी?"



२३ नोव्हेंबर

मेसेज लिहिला — थंडीचेच टायर घे, डोंगराची खूण असलेले, चारही, पुढचे दोनच नकोत. आता नियम बदललेत म्हणे.

'म्हणे' लिहिलं. पाठवल्यावर वाचलं आणि स्वतःचाच राग आला.

२५ नोव्हेंबर

बर्फ पडल्यावर सगळं गाव टायरला धावलंय. गॅरेजवाल्याकडे तारीख नाही. थेट ९ डिसेंबर. तोपर्यंत बस. पहाटे उठून, बर्फातून चालत थांब्यापर्यंत. आणि इथे मी एका टायरच्या दुकानात बसलोय, छतापर्यंत टायर, आणि एकही तिच्या कामाचा नाही.

१ डिसेंबर

दोनपैकी कुठल्या कंपनीचा टायर, हे ठरवायचं होतं. गॅरेजवाल्याने यादी पाठवलेली. मी रुंद टायर सुचवणार होतो, पकड जास्त म्हणून. आधी उल्हासला विचारलं. तो म्हणाला, ताज्या बर्फात अरुंद बरा, कापत जातो. हेही उलटंच. तिला लिहिलं, गॅरेजवाला म्हणेल तो घे.

रहिमा म्हणाली, "हे तेव्हाच म्हणाला असतात."

ठाऊक आहे. रोज उठून ऐकवायची गरज नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

टायर बसले. तिचा फोटो आला — गुडघ्यावर बसून टायरवरच्या खुणेवर बोट ठेवलेलं. म्हटलं, गॅरेजचा कागद पाठव, साइज तपासतो. म्हणाली, "अब्बा, सगळं ओके आहे." तरी पाठव म्हटलं.

१० डिसेंबर

तिने गॅरेजचा मेल तसाच पुढे पाठवला. जर्मनमध्ये. मोबाइलवर भाषांतर करून वाचला. साइज बरोबर. खाली सरकवत गेलो तर त्याच मेलमध्ये जुना पत्रव्यवहार. हिबाने २८ ऑक्टोबरची वेळ घेतलेली, चार थंडीचे टायर. ही वेळ तिने गाडी घेतली त्याच आठवड्यात मागून ठेवली होती. आणि त्यावर २६ तारखेला संध्याकाळी तिचं उत्तर — 'माझी वेळ कृपया रद्द करा. माझे वडील टायरचे जाणकार आहेत. त्यांनी गरज नाही असं सांगितलं आहे.'

रहिमाला वाचून दाखवायला गेलो. दुसऱ्या वाक्यापाशी थांबलो. तिने माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि फोन माझ्या हातात परत दिला.

हिबाला फोन लावला. "चूक माझी होती," म्हटलं. "आठ नोव्हेंबरपासून मला माहीत होतं."

ती म्हणाली, "अब्बा, कुंपण नसतं तर?"

मी फोन कानाला तसाच धरून ठेवला. तिनेही फोन ठेवला नाही.