व्हरमाँट की न्यू हॅम्पशायर: एक निःपक्षपाती तुलना

३ जानेवारी, सकाळी सात

नवी वही. गेल्या वर्षीची सहाव्या पानावर थांबली, पण त्याला कारणं होती.

या वहीचा विषय एकच. माझ्या बायकोला, नेटीला, नदीपलीकडे न्यू हॅम्पशायरला राहायला जायचंय. आमची मुलगी कार्ला तिथं अप्पर टिल्बीत असते. फेब्रुवारीत बाळंत होणार, मेमध्ये कामावर जाणार. नेटी म्हणते, आपण जवळ असायला हवं. मी म्हणालो, वीस मैल म्हणजे जवळच की. ती म्हणाली, वीस मैल आणि एक पूल, आणि त्या पुलावर बर्फ. येशील का ते सांग.

मी भावनेच्या आहारी जाणारा माणूस नव्हे. एकोणीस वर्षं वेस्ट हॅरोबीच्या गावसभेचा अध्यक्ष आहे. दोन्ही बाजू ऐकल्याशिवाय मी हातोडा आपटत नाही. तेव्हा दोन्ही राज्यांची राहण्याच्या दृष्टीनं तुलना करणार. दर मुद्द्याला दहापैकी गुण. चार मार्चला गावसभा, त्याआधी निकाल. काय लागेल ते आज मलाही माहीत नाही.

(व्हरमाँट जिंकेल.)

५ जानेवारी

मुद्दा पहिला: नदी. कायद्यानं सगळी न्यू हॅम्पशायरची, पार आमच्या काठापर्यंत. पण दिसते आमच्या बाजूनं जास्त चांगली. मालकी त्यांची, उपभोग आमचा.

व्हरमाँट ९, न्यू हॅम्पशायर ३. नेटीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ओरिन, नदी गोठलीये.

९ जानेवारी

कार्लाकडे जाऊन आलो. पूल ओलांडल्यापासून तिच्या दारापर्यंत जाहिरातींचे अकरा फलक. त्यातल्या चारांवर एकाच वकिलाचे दात. आमच्या राज्यात असले फलक लावायला कायद्यानं बंदी आहे. डोंगर दिसतात. व्हरमाँट १०, न्यू हॅम्पशायर १ (दात चांगले होते).

परत येताना नवी बेकरी शोधत होतो. फलक नसल्यानं वळण चुकलं. पाच मैल पुढे जाऊन डोंगर पाहिले. गुण कायम.

१४ जानेवारी

नेटी म्हणाली, त्यांच्याकडे खरेदीवर कर नाही, हा मुद्दा घेतलास का? घेतला नव्हता. ती म्हणाली, तुझे बूट तिकडचे, फ्रीज तिकडचा, लाकडं कापायची करवत तिकडची, आणि ही वहीसुद्धा.

सामान कुठून आणलं हा राहण्याचा मुद्दा होत नाही. मुद्दा फेटाळला. वहीवरची तिकडच्या दुकानाची किमतीची चिठ्ठी काढून टाकली.

२२ जानेवारी

मुद्दा: स्वातंत्र्य. न्यू हॅम्पशायरच्या गाड्यांच्या पाट्यांवरच लिहिलेलं असतं, स्वातंत्र्यात जगा नाहीतर मरा. मोठ्या माणसांना गाडीत पट्टा लावायची सक्ती नाही. पूर्वग्रह नको म्हणून आज स्वतः प्रयोग केला. पूल संपताच पट्टा सोडला. गाडी टिंग टिंग वाजू लागली ती अप्पर टिल्बीपर्यंत थांबली नाही. स्वातंत्र्यानं डोकं उठलं. नेटीनं माझ्यावरून वाकून पट्टा लावला. न्यू हॅम्पशायर २.

३० जानेवारी

गावकचेरीत गेलो होतो. आमची क्लार्क ॲल्थिया, गावची सगळी दप्तरं तिच्याकडे. कागदातून मान वर न करता म्हणाली, ओरिन, यंदा अध्यक्षपदाला उभा राहणारेस की नाही? आवाज जड होता. डोळ्यांत पाणी. मी जाणार या कल्पनेनंच बिचारी हलून गेली. मी म्हणालो, बघू. तिनं नाक पुसलं. म्हणाली, आठवडा झाला, सर्दी जातच नाहीये.

तिथेच कल्पना सुचली.

१ फेब्रुवारी

योजना. नेटीला मी नाही म्हणालो तर मी हट्टी ठरतो. गाव नाही म्हणालं तर मी काय करणार?

म्हणून: सभेचा पहिलाच विषय अध्यक्षाची निवड. मी उठून जाहीर करायचं की यंदा उभा राहत नाही, आम्ही न्यू हॅम्पशायरला चाललो. सभागृहात सन्नाटा. मग शेजारचा माइलो उठेल, आम्हाला हे मान्य नाही म्हणेल. मग सगळेच उठतील. मी नेटीकडे पाहून हात पसरीन.

माइलोला सांगून ठेवलं. तो म्हणाला, म्हणजे मी खोटं बोलायचं? मी म्हणालो, खोटं कसलं, तुला मनापासून वाटतंच ना? तो बराच वेळ कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, बरं बाबा, बोलतो. एवढंच ना?

१२ फेब्रुवारी

आजवर व्हरमाँट ९४, न्यू हॅम्पशायर ३१. नेटीनं आकडा विचारला नाही. ती फडताळातल्या बरण्या वर्तमानपत्रात गुंडाळतेय. वसंतातली साफसफाई फेब्रुवारीतच काढली. उत्साही बाई आहे.

१९ फेब्रुवारी

मुलगी झाली. मेव्हिस. सव्वातीन किलो. मला दिली हातात. माझ्याकडे एकदा बघितलं, मग डोळे मिटले.

गुण नोंदवायचे राहिले.

२३ फेब्रुवारी

नेटी तिकडेच राहिलीये. इथं शांतता. व्हरमाँट ८.

दुपारी. बीन्सचा डबा उघडायचा होता. उघडणी सापडेना. फोन केला. ती म्हणाली, अरे, ती इकडे आणली. विचारलं, का? म्हणाली, इथं लागते म्हणून. स्क्रू ड्रायव्हरनं प्रयत्न केला. बोटाला पट्टी. व्हरमाँट ७.

२ मार्च

भाषण तयार. आठ मिनिटं. मध्ये दोन ठिकाणी थांबायला जागा ठेवलीये, लोकांना रडायचं असेल तर. आरशासमोर म्हणून पाहिलं. दुसऱ्या जागी मलाच रुमाल काढावा लागला. त्यांचं काय होईल!

४ मार्च, सकाळी सव्वासात

गावसभेचा दिवस. काय हवा आहे! रात्री कडाक्याची थंडी, आणि आता लख्ख ऊन, छपरावरून पाणी ठिबकतंय. हवामान: व्हरमाँट १०. निसर्गही आपल्या बाजूनं.

कोट घातला. नेटी तिकडून थेट सभेला येणार.

४ मार्च, दुपारी तीन

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

सभागृह अर्धं रिकामं. रात्री गोठून दिवसा असं ऊन पडलं की मेपलची झाडं पाकासाठीचा गोड रस सोडतात, आणि ज्याच्याकडे झाडं आहेत तो त्या दिवशी बादल्या सोडून कुठं जात नाही. माइलोकडे चारशे झाडं आहेत; त्याची खुर्ची रिकामी. रसाचं हे गणित मला जन्मापासून ठाऊक आहे. सकाळी हवेला दहा गुण देताना लक्षात आलं नाही.

तरी उठलो. म्हणालो, मित्रहो, यंदा मी उभा राहणार नाही. आम्ही न्यू हॅम्पशायरला जायचा विचार करतोय. आणि पहिल्या जागी थांबलो.

तेवढ्यात मागून कुणीतरी लॉइसचं नाव सुचवलं. लॉइस चौतीस वर्षांची, शेळ्या पाळते. अनुमोदन. आणखी नावं? नाहीत. मग ठराव आला की नावं बंद करावीत आणि क्लार्कनं सर्वांच्या वतीनं एकच मत टाकावं. ही पद्धत मीच गावाला शिकवली. वेळ वाचतो. नियमानं मलाच विचारावं लागलं, विरोधात कोणी? मी बराच वेळ विचारत राहिलो. ॲल्थिया म्हणाली, ओरिन, कोणी नाहीये. तिनं मत टाकलं. मी निकाल जाहीर केला. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं तर सगळं मिळून दीड मिनिट झालं होतं.

भाषण खिशातच. त्यातली साडेसात मिनिटं अजून शिल्लक आहेत.

जेवणाच्या सुट्टीत केक आणला. माझ्यासाठी. वर साखरेनं लिहिलेलं, धन्यवाद ओरिन, न्यू हॅम्पशायरसाठी शुभेच्छा. एवढं मोठं लिहिलेला केक सकाळच्या सकाळी होत नाही. ॲल्थिया म्हणाली, नेटीनं जानेवारीतच सांगितलं होतं, तुम्ही जाताय म्हणून. तुझ्या तोंडून ऐकायचं होतं तेवढं, म्हणून त्या दिवशी विचारलं. सगळ्यांनी हात मिळवले. दोघा-तिघांनी मिठी मारली. कुणीच रडलं नाही. केक चांगला होता.

लॉइसनं सभा दोनच्या आत संपवली. घाई केली.

५ मार्च

माइलो मेपलचा पाक घेऊन आला. अजून कोमट होता. म्हणाला, चुकलंच रे माझं, पण काल जो काही रस आला, तसा सात वर्षांत आला नव्हता. मी म्हणालो, ठीक आहे. तो म्हणाला, मी आलो असतो तरी मला बोलता आलं असतं की नाही कोण जाणे. नेटी किती खूश होती, बघितलंस ना?

मी बघितलं नव्हतं. मी सभागृहाकडे बघत होतो.

संध्याकाळी नेटीला निकाल सांगितला. व्हरमाँट १३१, न्यू हॅम्पशायर ४७. वही पुढे केली. तिनं उघडली नाही. म्हणाली, ओरिन, कुठलं राज्य चांगलं हे मी तुला विचारलं होतं का? मी विचारलं होतं, येशील का.

मी वही मागे घेतली. मग जे एकोणीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. की मला भीती वाटते. इथं दुकानात शिरलो तर लोक नावानं हाक मारतात, वाद झाला तर माझ्याकडे बघतात. पलीकडे मी कोणीच नसेन.

ती म्हणाली, तसा आता इथंही नाहीस.

प्रेमानं म्हणाली. तरी लागलं. मग तिनं कॉफी ओतली, माझ्या कपात माइलोचा पाक घातला आणि शेजारी येऊन बसली. मी विचारलं, माझ्यावाचून तू तिकडे गेली असतीस का? म्हणाली, बरण्या गेल्याच आहेत. मला बरण्या गुंडाळता येतात, तुला कसं गुंडाळू?

येतो म्हणालो.

९ मार्च

घराची पाहणी सुरू. दोन खोल्या, कार्लाच्या घरापासून चालत सात मिनिटं. खिडकीतून नदी दिसत नाही. फलकावरचा वकील दिसतो.

पण मी आता वेगळा विचार करतोय. अप्पर टिल्बीतही गावसभा आहेच, शनिवारी. आपल्यासारख्या अनुभवी माणसाची गरज कुठं नसते? पहिल्याच सभेत योग्य जागी एक मुद्दा मांडायचा, एवढंच. लोक विचारतील, हे कोण? मग दोन-तीन वर्षांत आपोआप.

१५ मार्च, दुपारी

अप्पर टिल्बीची सभा. शाळेच्या जिममध्ये. कार्लाला आगीच्या नव्या बंबासाठी मत द्यायचं होतं, म्हणून मेव्हिस माझ्या खांद्यावर. मतदार मधल्या खुर्च्यांवर, बाकीचे भिंतीलगतच्या बाकावर. मी बाकावर. माझ्या शेजारी एक पत्रकार आणि एक झोपलेला माणूस.

बंबाच्या ठरावावर दुरुस्ती आली. दुरुस्तीला दुरुस्ती आली. तिला आणखी एक दुरुस्ती येताच मी उभा राहिलो. तिसरी दुरुस्ती घेताच येत नाही, कुठल्याही राज्यात. म्हणालो, अध्यक्षमहोदया, नियमाचा मुद्दा!

अध्यक्षबाई तरुण. स्वेटरला पीठ लागलेलं. नम्रपणे म्हणाली, आपण इथले मतदार आहात का? म्हणालो, अजून नाही. म्हणाली, मग कृपया बसा.

बरोबरच होतं तिचं. मीही हेच केलं असतं. बसलो. बसताना मेव्हिसला धक्का लागला असावा. ती रडू लागली. साधं रडणं नव्हे. चार किलोतून एवढा आवाज येतो कुठून? अध्यक्षबाई थांबली. दोनशे माणसं वळली. ती म्हणाली, आजोबा, बाळाला जरा बाहेर नेता का?

मी आजवर किती आयांना असं बाहेर पाठवलं, हे जिममधून दारापर्यंत चालताना मोजत होतो. आकडा लागला नाही. त्या बाहेर जाऊन काय करत असतील, असा विचारही कधी मनात आला नव्हता.

बाहेर व्हरांडा, कोट आणि चिखलाचे बूट. मेव्हिस दार बंद होताच गप्प. इकडून तिकडे फेऱ्या मारत राहिलो. आतून मतदानाचा आवाज येत होता. तिसऱ्या दुरुस्तीवरही मत घेतलं त्यांनी. चूक. मी दाराजवळ गेलो, हात कडीवर ठेवला. मेव्हिसनं खांद्यावर सुस्कारा सोडला. कडीवरचा हात काढला आणि परत फेऱ्या.

तासाभरानं आणखी एक बाई तिचं रडकं पोर घेऊन बाहेर आली. घड्याळ बघत म्हणाली, मला मत द्यायचंय हो, दोनच मिनिटं याला धराल? धरलं. मग दुसरी आली. तिनं विचारलंही नाही.

सभा संपली. कार्ला हसत बाहेर आली. बंब मंजूर. म्हणाली, बाबा, अध्यक्षबाईंचा निरोप आहे. पुढच्या वर्षी सभेत मुलं सांभाळायला व्हरांड्यात कायमचं कोणीतरी नेमायचं म्हणतायत, तुम्ही कराल का?

विचार करून कळवतो, असं म्हणणार होतो. एवढ्यात मागून कुणीतरी म्हणायला लागलं की आमच्या आत्याला विचारून बघा. मी मोठ्यानं हो म्हणालो.