आप्पा निळे पडले त्याची खरी हकीकत

तीर्थरूप ताईंना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता आलं तेवढाच. उरलेला समोर आल्यावर पुरा करीन.) तुमचा गुडघा आता कसा आहे? तुमच्या यजमानांचा खोकला गेला का? इकडे सगळे मजेत. आप्पाही मजेत आहेत आणि ते निळे नाहीत. म्हणजे आज नाहीत. गेल्या आठवड्यात मंगळवारी होते, ते मी नाकारत नाही, पण ज्या अर्थाने तुम्हाला फोनवर सांगण्यात आलं त्या अर्थाने नव्हते. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर आपलं दोघींचं बोलणं तुम्ही एकट्याच पूर्ण करता, म्हणून मुद्दाम पत्र लिहायला बसले. रविवारी गाडी घेऊन येते आणि आप्पांना कायमचं माझ्याकडे नेते, असं तुम्ही तुमच्या बंधुराजांना कळवलंत. न्या हो. वडील तुमचे, हक्क तुमचा. मी त्यांची बॅग माळ्यावरून काढून पुसूनसुद्धा ठेवली आहे. फक्त ज्या कारणासाठी नेताय ते कारण एकदा नीट ऐकून घ्या, मग न्यायला मोकळ्या.

मी कागदकामाच्या क्लासला जाते हे तुम्हाला माहीत आहेच. (या वयात कसले क्लास, असं तुम्ही म्हणाला होतात, तेही पोचलं.) कात्रणं, बटणं, दोरे, जुनी तिकिटं, लेसचे तुकडे असं घरातलं सगळं किडूकमिडूक कागदावर चिकटवून त्यातून चित्र उभं करायचं, असा तो प्रकार. गेल्या महिन्यात क्लासच्या बाईंनी आम्हाला जलरंगाची भुकटी दिली. ताई, ही भुकटी म्हणजे महा लबाड. कोरडी असताना नुसती राखेसारखी मळकी, हिच्या अंगात काही असेल असं वाटणारच नाही. पण पाण्याचा एक थेंब लागू दे, की त्या मळक्यातून आधी पिवळा, मग हिरवा, मग निळा, जांभळा असे रंग जे धावत सुटतात ते कुठे जाऊन थांबतील हे तिचं तिलाही ठाऊक नसतं. बाईंनी सांगितलं होतं की डबीच्या झाकणाला टाचणीने एकच बारीक भोक पाडा. घरात टाचणी सापडेना, म्हणून मी तुमच्या बंधुराजांचा स्क्रू ड्रायव्हर घेतला. भोक पडलं, झाकणही पडलं, आणि अख्खी डबी सोफ्यावर. मी झटकली, गेली असं वाटलं. संध्याकाळी हे डोकं धुऊन आले आणि ओल्या केसांनीच सोफ्यावर आडवे झाले. दुसऱ्या दिवशी एक हिरवा कान घेऊन ऑफिसला गेले आणि तसेच परत आले. दिवसभरात कोणी एका शब्दाने विचारलं नाही, यावरून त्यांच्याकडे ऑफिसात किती लक्ष असतं ते मला कळलं. त्यांना मात्र माझ्या भुकटीचा राग आला, आणि माझी रवानगी बाथरूममध्ये झाली. रंगकाम काय ते तिथेच करायचं, फरशी धुता येते.

आता बाथरूममध्ये डब्या ओल्या होणार, म्हणून मी डोकं चालवलं. उरलेल्या सगळ्या डब्या एकत्र करून ती भुकटी अंगाला लावायच्या पावडरच्या रिकाम्या डब्यात भरली. किती सोयीचं! गोल फिरणारं झाकण, आयती बारीक भोकं, हलकेच हलवलं की चिमूटभर पडणार. क्लासमध्ये सगळ्यांनी माझ्या कल्पनेचं कौतुक केलं. डबा ठेवला बाथरूमच्या फळीवर, साबणाशेजारी. त्यावर चिठ्ठी चिकटवणारच होते. गोंद क्लासमध्ये राहिला होता.

आप्पांची आंघोळ तुम्हाला नव्याने काय सांगायची. दिवसा दिवा लावायचा नाही म्हणजे नाही. त्या खरखरीत टॉवेलने कातडी सोलून निघेपर्यंत अंग पुसायचं, आणि मग काळोखात पावडर मारायची, मानेला, काखेत आणि टकलावर. (टकलावर पावडर लावणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. वारा लागतो म्हणतात.) अंग हाडापर्यंत कोरडं असल्यामुळे त्या क्षणी काहीच झालं नाही. आप्पा राखाडी होऊन बाहेर आले आणि शेजारच्या कंपाउंडरकाकांबरोबर पत्ते खेळायला बसले. काकांनी जन्मभर डॉक्टरांच्या हाताखाली पुड्या बांधल्या, त्यामुळे अर्धं वैद्यक त्यांना येतं. कुठलं अर्धं ते अजून कोणाला कळलेलं नाही. मी भाजी आणायला गेले होते. आप्पा हरायला लागले. हरायला लागले की त्यांना घाम फुटतो, आणि मंगळवारी तो त्या भुकटीवर फुटला. आधी मान पिवळी झाली. काकांनी पत्ते खाली ठेवून काविळीचं निदान केलं. (तेवढ्यात आप्पांनी त्यांचे पत्ते बघून घेतले, हे मला नंतर कळलं.) कावीळ म्हटल्यावर आप्पा घाबरले, घाबरल्यावर आणखी घाम आला, आणि कान हिरवे झाले. काकांनी कावीळ रद्द करून पित्त केलं. आप्पा आणखी घाबरले. मग टक्कल निळं पडायला लागलं तशी काकांची विद्या संपली, आणि त्यांनी एका हाताने डॉक्टरांना बोलावलं आणि दुसऱ्या हाताने तुम्हाला फोन लावला.

डॉक्टर आले. इंजेक्शन द्यायचं म्हणून त्यांनी ओल्या कापसाने आप्पांचा दंड पुसला, तर दंड कोपरापर्यंत जांभळा झाला. डॉक्टरांनी त्याच हाताने स्वतःच्या कपाळावरचा घाम पुसला, तर त्यांचं कपाळ निळं झालं. ते बघून काकांनी आपल्या हाताकडे पाहिलं. हात हिरवा. झालं! साथ आली अशी बोंब जिन्यातून खाली जायला कितीसा वेळ लागतो? पराचा कावळा नुसता झाला नाही, तो इमारतभर उडाला. सेक्रेटरींनी लिफ्ट बंद केली. वरच्या मजल्यावरचं कुटुंब बॅगा घेऊन नातेवाइकांकडे निघून गेलं, ते अजून आलेलं नाही. (त्यांचा मिक्सर पहाटे चालायचा. सध्या शांत झोप लागते.)

आणि अशात मी भाजीची पिशवी घेऊन आत शिरले. ताई, माझं काय चुकलं असेल तर ते इथे. दुसरी कुठलीही सून असती तर तिने पिशवी टाकून हंबरडा फोडला असता. पण माझी नजर गेली ती सरळ आप्पांच्या डोक्यावर. मधोमध गडद निळा, कडेला हिरवट, कपाळावर पिवळ्याची बारीक झाक, आणि हे सगळं हळूहळू एकमेकांत सरकतंय! महिनाभर मी कागदावर जे साधायला जीव काढत होते ते आमच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसलं होतं. माझ्या तोंडून “अगंबाई, काय सुंदर!” असं निघून गेलं. बाई नेहमी सांगतात की रंग ओला आहे तोवर उचलला तर उचलला, नाहीतर गेला. मी धावत जाऊन जाड कागद आणला आणि आप्पांच्या डोक्यावर दाबला. डॉक्टरांनी तेव्हा नाडी धरलेली होती. तुमचा फोन चालू होता, आणि काका तुम्हाला क्रिकेटच्या सामन्यासारखं धावतं वर्णन ऐकवत होते. “सूनबाई आल्या. सूनबाई हसतायत. सूनबाईंनी कागद दाबला. आता सगळीकडून चोळतायत.” तुम्ही फोनवर किंचाळलात त्याबद्दल माझ्या मनात काही नाही. तुमच्या जागी मीही किंचाळले असते.

कागद उचलला तर त्यावर चंद्र. खरं सांगते, पौर्णिमेचा, निळा, कडेला धूसर. डाव्या अंगाला त्याला एक खळगा आहे. तुम्हाला सायकल शिकवताना तुम्ही हँडल सोडून आप्पांच्या गळ्यात पडलात आणि ते दगडावर आपटले, त्या खोकेचा तो खळगा. चंद्राला असा खळगा शोभतो. मी कागद आप्पांसमोर धरला. ज्या माणसाने गाडी चालवण्याच्या परीक्षा घेण्यात नोकरी काढली आणि पोटच्या मुलीलाही दोनदा नापास केलं, (हे मी काढणार नव्हते, ओघात आलं) तो आता काय म्हणणार म्हणून मी कागद दोन्ही हातांनी धरून उभी. आई गेल्यापासून आप्पा या घरात ‘नको’ आणि ‘असू दे’ यापलीकडे काही बोललेले नव्हते. त्यांनी चष्मा लावून कागद उजेडाकडे वळवला. मग म्हणाले, “उजवी बाजू नीट उमटली नाही. परत घे.”

आणि ताई, त्या दिवसापासून माझ्या नाकी नऊ आले आहेत. आप्पांना आता दुसरं काही सुचत नाही. घाम हवा म्हणून माणूस जिना चढतो आणि उतरतो, उतरतो आणि चढतो. चाला, चाला म्हणून डॉक्टरांची जीभ झिजली होती, तेव्हा खुर्ची सुटली नाही. आता डॉक्टरच म्हणतात, जरा बेताने. घामाचेही त्यांनी प्रकार पाडले आहेत. जिन्याच्या घामाने रंग एकसारखा पसरतो. हिरवी मिरची चावून आलेल्या घामाचे बारीक ठिपके पडतात. आणि तुमच्या बंधुराजांशी वाद घालून जो घाम येतो त्याचे मोठे मोठे डाग पडतात, ते ढगांना उत्तम. त्यामुळे सकाळी ढग हवे असले की आप्पा यांच्याशी पाणीपट्टीवरून भांडण काढतात. हे बिचारे खरोखरच चिडून पानावरून उठतात, आणि आप्पा मला आतून हाक मारतात, “सूनबाई, कागद!”

आमच्या क्लासचं प्रदर्शन पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये आहे. जुन्या पाकिटांची घरं, ट्रेसिंग पेपरच्या खिडक्या, काळ्या दोऱ्याच्या विजेच्या तारा, आणि वर आप्पा, असं माझं चित्र बाईंना इतकं आवडलं की त्यांनी वर्षाचे बारा चंद्र करायला सांगितले आहेत. चंद्र कशाने केला म्हणून सगळ्याजणींनी विचारलं. मी घरगुती पद्धत आहे एवढंच म्हटलं. एकीने कोबी वापरून पाहिला, एकीने नवरा. पण त्या नवऱ्याच्या डोक्याला मध्ये उंचवटा आहे, चंद्र फाटतो. असो. तर अशी ही हकीकत. इमारतीत आता साथ नाही, लिफ्ट सुरू आहे, डॉक्टरांचं कपाळ जवळजवळ पूर्ववत झालं आहे. रविवारी जेवायलाच या. आप्पांचे कपडे इस्त्री करून ठेवते. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर पोटात घाला.

तुमची (आजवर तरी) आज्ञाधारक,
धाकटी भावजय

ता. क. : बॅग पुसून ठेवली हे खरं, पण तिची किल्ली मी लपवली आहे आणि सांगणार नाही. ताई, नका नेऊ हो त्यांना. मी क्लास लावला तो हौसेने नाही. दुपारी घरात आम्ही दोघंच असायचो, आणि फ्रिजची घरघर थांबली तरी कळावं इतकी शांतता असायची. दोन माणसं एका घरात असून एकमेकांना हाक मारत नव्हतो. आता दिवसातून पन्नासदा हाक येते, वैताग येतो, आणि मला तो हवा आहे. तुम्ही तिकडे त्यांना स्वच्छ ठेवाल याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तीच तर भीती आहे.

आणखी ता. क. : येणारच असाल तर तुमच्या यजमानांना नक्की घेऊन या. लग्नात पाहिलं तेव्हापासून त्यांचं टक्कल आप्पांच्यापेक्षा रुंद झालं आहे असं फोटोत दिसतं. बाईंना एक सूर्य हवा आहे. त्यांना आधी काही सांगू नका, खोकला बरा नसेल तर उलट चांगलंच, खोकून घाम येतो.

शेवटचं ता. क. : पाकीट बंद करण्याआधी आप्पांनी पत्र मागून घेतलं आणि वाचलं. किल्ली कुठे आहे ते त्यांना पहिल्यापासून माहीत होतं. बॅग त्यांनी स्वतः भरली आहे. म्हणतात, लेकीकडची हवा दमट, तिथे जिना न चढता दिवसभर घाम येतो, बाराच्या बारा चंद्र आठवड्यात होतील, आणि जावईबापू हाताशी आहेतच. मी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडले, आणि मग माझीही बॅग भरली. तेव्हा रविवारी गाडीत मागे दोघांची जागा ठेवा, भुकटी मी मांडीवर घेईन. तुमचे बंधुराज इथेच राहतील. त्यांच्या डोक्यावर केस आहेत, आणि बायको निघाली तरी त्यांना घाम फुटलेला नाही.