रोषणाईतून घेतलेली तार

मस्कत,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. वसूताई,

साष्टांग नमस्कार लिहायची पद्धत आहे, पण दिवसभर शिडीवर राहून कंबर धरली आहे. तेव्हा उभ्याउभ्या केलेला नमस्कार चालवून घे. मी बरा आहे. आईचे गुडघे कसे आहेत? ऋचाला गोड पापा. ती आता मोठी झाली, पापा चालत नसेल तर मामाने विचारलंय एवढंच सांग.

पत्र तुझ्या शाळेच्या पत्त्यावर पाठवतोय. फोन केला की तुझे सासरे स्पीकर लावायला सांगतात आणि मेसेज तुझ्याआधी ऋचा वाचते. मग माणसाने बोलायचं कुठे? म्हणून म्हटलं, बापजाद्यांसारखा कागदच काढावा.

सध्या आमच्या कंपनीकडे दोन कामं आहेत. सकाळी, ज्यांची बिलं थकलीत त्यांची वीज तोडायची. ऊन उतरलं की त्याच गाडीतून, तीच शिडी घेऊन राष्ट्रीय दिनाची रोषणाई लावायची. सुलतानांचा उत्सव, रस्ता न् रस्ता सजवायचा आहे. खांबाखांबाला खंजिराचं चिन्ह, पुलांवर झेंडे, आणि मत्रहला बंदरासमोरच्या जुन्या इमारतींच्या अंगावरून माळा सोडायच्यात. दिसतं देखणं, खोटं कशाला बोलू. पण सकाळी एकाच्या घरातला दिवा काढायचा आणि संध्याकाळी त्याच्या दारातल्या खांबावर शंभर लावायचे, हे काही माझ्या डोक्यात बसत नाही.

महागाईचं विचारू नकोस. विजेचं बिल हातात आलं की भल्याभल्यांना घाम फुटतो. आमच्या मेसवाल्याने आमटी इतकी पातळ केलीय की ताटाच्या बुडाची नक्षी दिसते. आमचा ड्रायव्हर सालेम इथलाच, ओमानी. त्याचे दोन्ही मुलगे पदव्या घेऊन घरी बसलेत. परवा आम्ही माळा चढवत होतो तर खालून बघत म्हणाला, यात माझ्या पोरांचे किती पगार निघाले असते. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं, खलास म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. असलं इथे कुणी मोठ्याने बोलत नाही.

गेल्या आठवड्यात मत्रहलाच एका माणसाची वीज तोडली. आपल्याकडचाच होता. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. दार उघडून आमच्याकडे पाहिलं आणि हिंदीत म्हणाला, काटो भाई, तुम्हारा काम है. असो. कामात असे पुष्कळ भेटतात.

तू विचारलंस ते लक्षात आहे. भावोजींचं इथे कुणी बाईमाणूस आहे का ते नीट बघून सांग, असं लिहिलंस. अजून त्यांची गाठ पडली नाही. मदिनत सुलतान काबूस भागात त्यांच्या फ्लॅटवर एखाद्या शुक्रवारी जाऊन येईन. तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. तुम्ही दोघी इकडे यायचं म्हटलं की ते डिसेंबरात या, जानेवारीत या असं पुढे ढकलतात म्हणजे लगेच काही वाईटच असेल असं नाही.

तुझा
धनू


मस्कत,
४ नोव्हेंबर

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं. दिवाळीला त्यांनी फोनवर चार शब्दांत आटोपलं, मागे कुणीतरी कुजबुजत होतं, असं लिहिलंस. भावोजी भेटले. तब्येत बरी आहे, थोडे वाळलेत. घर बदललंय, आता मत्रहला बंदरासमोर राहतात. बाई मला दिसली नाही. मागची कुजबुज रस्त्यावरची असेल, खिडकी रस्त्यावरच आहे.

इतकंच लिहितो. जास्त विचारू नकोस, मी शब्द दिलाय.

हे वाचून तुला आणखी संशय येणार हे मला कळतं. तू चिडशील, धनू पण त्यांनाच सामील झाला म्हणशील. म्हण. पण वकिलाकडे जायची भाषा एवढ्यात करू नकोस. नवरा चार महिने नीट बोलत नाही म्हणून संसार मोडायचा नसतो, आणि सासऱ्यांचं तर अजिबात ऐकू नकोस. त्यांना मुलाचा राग आहे, तो ते तुझ्या तोंडून काढतात.

इथे रोषणाईचं काम अंगावर आलंय. सुट्टी नाही. पाच मजली इमारतीवरून लोंबकळत असतो. पंखा नसलेल्या खोलीत माणसाचं काय होतं ते तुला रत्नागिरीच्या मे महिन्यावरून नाही कळायचं. इथे ऑक्टोबर सरला तरी भिंती दिवसा तापलेल्या असतात. हे मी कुणाबद्दल लिहितोय ते सोड.

आईला सांग, पैसे वेळेवर येतील.

धनू


मस्कत,
२३ नोव्हेंबर

ती. सौ. ताई,

आज नमस्कार वगैरे काही सुचत नाही. खाली बसूनच ऐक.

मागची दोन्ही पत्रं अर्धी खोटी होती. कडक इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस भावोजीच होते.

त्यांची नोकरी मार्चमध्येच गेली. कंपनीने साईटच बंद केली. फ्लॅट सोडून ते मत्रहला एका खोलीत येऊन राहिले, आणि तुझ्याशी मात्र जुन्याच घरात असल्यासारखं बोलत राहिले. सकाळी बॅग घेऊन बाहेर पडायचे, दिवसभर नोकरी शोधायची. बिल भरायला जमेना. मग एक दिवस यादीत त्यांच्या खोलीचा नंबर आला आणि शिडी माझ्या हातात होती. सोबत आमचा सुपरवायझर ताबिश होता, लखनौकडचा. दार उघडलं. ज्या माणसाने मला इथे आणलं, पहिला महिना आपल्या घरी जेवू घातलं, तो समोर. त्यांनी मला ओळखच दिली नाही. काटो भाई म्हणाले. मला वाटतं, ताबिशसमोर माझी पंचाईत होऊ नये म्हणूनच. मीही ओळख दिली नाही. तार कापली आणि खाली उतरलो. शरमेने मला दोन दिवस अन्न गेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात त्या इमारतीवर माळा लावायचं काम आलं. माळ नेमकी त्यांच्या खिडकीच्या गजावरून जात होती. मी शिडीवर, ते आत अंधारात स्टुलावर बसलेले. हाक मारली तर म्हणाले, पाणी घेशील का. बाटली दिली, पाणी कढत होतं. फ्रिज बंद होता ना गो.

त्यांनी काही मागितलं नाही. तूच सांग, मी काय करणार होतो? माळांना वीज नेणारी केबल माझ्याच हातात होती. ती सोलली, जोड दिला, वर टेप गुंडाळली आणि खिडकीतून तार आत सोडली. ते नको नको म्हणत होते, तुझी नोकरी जाईल रे. मी त्यांना गप्प बसा म्हणालो. भावोजींना असं आयुष्यात पहिल्यांदा बोललो. फक्त पंखा आणि फोन लावा, बाकी काही लावू नका, एवढं बजावून खाली आलो. त्यांनी तुला यातलं काही सांगायचं नाही अशी शपथ घातली.

तेव्हापासून त्यांची खोली उत्सवावर चालायची. संध्याकाळी माळा लागल्या की आत पंखा फिरायचा, पहाटे माळा विझल्या की बंद. लोक बंदरावर फोटो काढायला यायचे आणि माझे भावोजी त्या रोषणाईवर फोन चार्ज करून तुझ्याशी चार शब्द बोलायचे. मागची कुजबुज त्या फोटो काढणाऱ्यांची.

राष्ट्रीय दिनाच्या आदल्या संध्याकाळी मोठे पाहुणे बंदरावर येणार होते. त्याच दिवशी भावोजींना कुरुमच्या एका ऑफिसातून मुलाखतीचं बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी सुट्टी, म्हणून संध्याकाळीच भेटा म्हणाले. आता तुझा नवरा कसा ते तुला सांगायला नको. चुरगळलेल्या शर्टात तो मुलाखतीला जाईल का? त्यांनी इस्त्री लावली. मी पंखा आणि फोन म्हटलं होतं, पण त्यांना वाटलं पाच मिनिटांनी काय होतंय. इंजिनिअर माणूस, त्याला लोड कळत नाही असं नाही. पण आठ महिन्यांनी कुणीतरी बोलावलं होतं, त्या आनंदात डोकं चाललं नसेल.

आख्खी रांग विझली, ताई. बंदरासमोरची सगळी इमारत काळी ठिक्कर. आमचा मॅनेजर बोंबलत आला. मागून पोलीस. ताबिशने केबल तपासत खिडकीपाशी जोड शोधला आणि माझ्याकडे पाहिलं. ज्याच्यासोबत पाच वर्षं काम केलं त्याच्या हाताची टेप गुंडाळायची तऱ्हा माणूस ओळखतो. पण तो काही बोलला नाही. त्यालाही घरी चार तोंडं आहेत.

भावोजी आपणहून खाली उतरले. शर्टाची एक बाही इस्त्रीची, एक तशीच. म्हणाले, मैंने किया, अकेले ने. मॅनेजरने मला विचारलं, हा तुझ्या मुलखातला दिसतो, ओळखतोस का. भावोजींनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी म्हणालो, नहीं साब.

नहीं साब म्हणालो गो मी. आईशप्पथ, हेच दोन शब्द.

मग मॅनेजरने मलाच वर चढवलं. माझाच जोड मी तोडला, केबल नीट केली आणि रांग पेटली. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. पोरं झेंडे हलवत होती. मी शिडीवरून बघत होतो, भावोजींना गाडीत बसवत होते. त्या क्षणी मला त्या रोषणाईचा इतका राग आला की सगळी केबल हातांनी उपटावी असं वाटलं. लाखो दिवे चालतात, एका माणसाचा पंखा चालत नाही. पण राग माझ्यावरच जास्त होता.

काल सालेमने मला ठाण्यावर नेलं. त्याच्या ओळखीने पाच मिनिटं भेट मिळाली. भावोजी शांत होते. मी खरं सांगतो म्हटलं तर अंगावर आले. मग हळूच म्हणाले,

"वसूला सांग, बाई आहे म्हणून."

मला आधी कळलंच नाही.

"तिला तसंच वाटतंय ना? वाटू दे. रागाने सोडून देईल, वर्षभरात सावरेल. पण ऋचाला कळलं की बाप सरकारी दिव्यातून वीज चोरताना धरला गेला, तर ती पोर शाळेत मान वर करणार नाही. तू एवढंच कर माझ्यासाठी."

मी हो म्हणून आलो. रात्रभर तेच पत्र मनात जुळवत होतो, बाईचं नावसुद्धा ठरवलं होतं. सकाळी कागद पुढे घेतला आणि हे लिहायला बसलो. बाई नाही ताई. कधीच नव्हती. त्यांच्या खोलीत तुझा आणि ऋचाचा एक फोटो होता, आणि तुझ्या हातची लोणच्याची रिकामी बरणी. ती त्यांनी धुऊन पुसून ठेवली होती.

उद्या सकाळी मी ठाण्यावर जाऊन खरं सांगणार आहे. ताबिशला बोललो. त्याने मला अडवलं नाही, फक्त म्हणाला, जाना ही है तो पेट भरके जाना. नोकरी जाईल, मलाही आत घेतील, मग परत पाठवतील. आईची औषधं तू बघ. तिला मी सुट्टीवर येतोय असं सांग. मी घाबरलोय, हे तुला दिसतच असेल, अक्षर बघ कसं आलंय.

तिथे माझं हिंदी आणि मोडकं अरबी कितपत चालेल कुणास ठाऊक. मॅनेजरला तर मी गप्पच हवा आहे. कंपनीच्याच माणसाने वीज दिली असं बाहेर यायला नको ना. म्हणून खाली स्वच्छ लिहून देतो. हे पान वेगळं काढून ठेव. दूतावासात, वकिलाकडे, सासऱ्यांसमोर, जिथे लागेल तिथे दाखव. ऋचालाही वाचू दे. तिच्या बापाने पंख्याची एक तारसुद्धा स्वतः जोडलेली नाही, आणि मला वाचवायला चोर म्हणवून घेतलं.

मत्रहच्या इमारतीवरच्या रोषणाईच्या केबलला जोडणी मी केली. आशुतोष नारकर यांनी नको म्हटलं असताना केली. ते माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान आहेत आणि मी त्यांना ओळखतो.

धनंजय जनार्दन तोरस्कर
इलेक्ट्रिशियन