तलावाचं कुलूप

परभणी,
१९ मे २०२५

चि. वैदेहीस,

बाबांचे आशीर्वाद. इथं ऊन असं पडायलंय की दुपारी वसमत रोडवर कुत्रंसुद्धा दिसत नाही. तुझी आई बरी आहे. हे मुद्दाम आधी लिहितो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील. फोनवर तू मधेच बोलतेस आणि मी गप्प होतो, म्हणून पत्र.

सोसायटीचा पोहण्याचा तलाव बंद आहे, हे तुला सांगितलंच होतं. जीवरक्षक नेमल्याशिवाय कुणालाही पाण्यात उतरू देऊ नये, असं महापालिकेचं पत्र आलं. सचिव या नात्याने मी विचारायला गेलो. महापालिकेत म्हणाले, सहकार खात्यात विचारा. तिथले म्हणाले, हा तुमच्या उपविधीचा प्रश्न. उपविधीत तलाव हा शब्दच नाही, कारण बिल्डरने तो नंतर बांधला. परभणीत जीवरक्षक कुठं मिळतो, हे तर कुणालाच माहीत नाही. शेवटी अध्यक्ष बन्सीधररावांनी कुलूप घातलं आणि किल्ली माझ्याकडे दिली.

तुझ्या आईचे गुडघे तुला ठाऊक आहेत. डॉक्टरांनी पाण्यात चालायला सांगितलं होतं. घरात भिंत धरून चालणारी तुझी आई कमरेएवढ्या पाण्यात सरळ चालायची, जुना पंजाबी ड्रेस घालून, शाळेत शिकवताना वर्गातून फिरायची तशी. तलाव बंद झाल्यापासून ती फारशी बोलेना. एका दुपारी म्हणाली, "किल्ली तुमच्याकडंच हाय ना? मग कुणाची वाट बघायलात?"

मी उघडलं. सगळे कूलर लावून झोपले होते.

ती चालत होती, मी काठावर बसलो होतो. तेवढ्यात फोन वाजला. आवाज घुमू नये म्हणून मी फाटकाबाहेर गेलो. वैदेही, तो फोन तुझा होता. तू विचारलंस, आई काय करायलीय? मी म्हणालो, झोपलीय.

तुझा यात काही दोष नाही. मी परत आलो तेव्हा ती उताराच्या पुढं, खोल बाजूला गेलेली होती आणि एक मुलगी तिला केसांना धरून काठाकडे ओढत होती. ती संघप्रिया. बी विंगमध्ये सुकेशनीबाई भाड्याने राहतात, सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत, त्यांची मुलगी. गॅलरीत कपडे वाळत घालताना तिने पाहिलं आणि धावत आली. मला पोहता येत नाही. मी नुसता उभा होतो.

तुझी आई दोन रात्री दवाखान्यात होती. तुला मी सांगितलं, पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गेलीय, तिथं रेंज नाही.

त्या दुपारी लोक जमले तेव्हा बन्सीधररावांनी विचारलं, "कुलूप कुणी उघडलं?" कुलूप माझ्या खिशात होतं. संघप्रियाने माझ्याकडे पाहिलं. मी तुझ्या आईचे पाय चोळत राहिलो. पोरगीही काही बोलली नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचं ठरून गेलं, कुलूप त्या पोरीनेच तोडून फेकलं आणि तिला पाण्यात बघून काकूही उतरल्या.

मग कमिटी बसली. भाडेकरूंनी तलाव वापरायचा नाही असा आपला एक ठराव आहे. त्याप्रमाणे सुकेशनीबाईंना नोटीस द्यायची ठरली. सी विंगमधले भाडेकरू गेल्या उन्हाळ्यात रोज उतरायचे, तेव्हा हा ठराव कुणाला आठवला नव्हता. असं का, ते मला कळत नाही. किंवा कळतं आणि लिहवत नाही.

नोटीस सचिवाने लिहायची असते. मी ती लिहिली. नेऊनही दिली.

सुकेशनीबाईंनी दारातच वाचली. म्हणाल्या, "काका, पोरगी पाण्यात का उतरली, हे यात कुठं लिहिलंय?"

मी म्हणालो, नियम तसा आहे. बुडणाऱ्याला काढू नये असा कोणता नियम, ते मला अजून सांगता येणार नाही.

तुझ्या आईला हे काल सकाळी कळलं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "मला बाहेर काढलं तिनं, आन् चोर बी तीच ठरली व्हय?" संध्याकाळी सोसायटीची सभा होती. मी उभा राहिलो आणि सांगितलं, कुलूप मी उघडलं, बायकोला मी पाण्यात सोडलं आणि मीच गप्प बसलो.

मग बन्सीधरराव म्हणाले, "मग आता तुम्हाला नोटीस द्यायची कुणी? सचिव तर तुम्हीच." दोघेतिघे हसले. मी राजीनामा दिला. कमिटीने सुकेशनीबाईंची नोटीस मागे घेतली. मला वाटलं, संपलं.

तर लेकीला घेऊन मागे उभ्या असलेल्या सुकेशनीबाई म्हणाल्या, "नोटीस घेतली, ठीक. ठरावाचं काय? उद्या कुणी बुडायलं तर माझ्या लेकीनं आधी भाडेपावती बघायची का?"

ठराव कायद्यात बसतो का, हे कुणी छातीठोक सांगेना. विषय पुढच्या सभेवर गेला. मी संघप्रियाला हात जोडले. ती म्हणाली, "काका, त्या दिवशी तुमी बोलाल म्हणून मी गप्प होते." आणि आपल्या आईची पिशवी घेऊन निघून गेली. माफ केलं की नाही, मला समजलं नाही.

आता तुझी आई त्यांच्याकडे गेली आहे. दोन जिने कठडा धरून एकटी चढली. मला सोबत येऊ दिलं नाही. पुन्हा पाण्यात उतरायचंय म्हणते, आणि ती पोरगी शेजारी असेल तरच. मी हो म्हणावं की नाही? तुला विचारावंसं वाटतं, पण कुठल्या तोंडाने विचारू?

तू ये. रागावूनच ये, पण ये. आईला फोन केलास तर तीच सगळं सांगेल, मी तिला अडवणार नाही.

तुला झोपलीय म्हणून सांगणारा,
तुझा बाबा
मार्तंड