खांबावरून पडलेला माणूस

प्रिय बये,

हे पत्र मावशीच्या हातून पाठवतोय, टपालावर माझा भरवसा उरला नाही. वाचून झालं की जाळून टाक. चौथीत शाळा सुटलेल्याचं अक्षर आहे, सांभाळून घे. खोकला गेला का? वेळेवर जेवतेस ना? कुठे राहतेस ते मात्र मला कळवू नकोस.

तुझी कादंबरी वाचली. ओळीखाली बोट ठेवून वाचली, महिना लागला. तुझा तो स्पीकरवाला सभा संपल्यावर माइक बंद करायचा विसरतो, आणि पुढारी मंचामागे वस्ती पेटवायचं बोलतो ते सगळ्या मैदानाला ऐकू जातं. तिथे मी पुस्तक मिटलं आणि आधी पाणी प्यालो. खऱ्या सभेत माइक चालू राहिला, पण कर्णे बंद होते. खाली मशीनपाशी कानाला हेडफोन लावून बसलेल्या मला एकट्याला ते ऐकू आलं. रात्री जेवताना मी फक्त तुझ्या आईला सांगितलं. तू शेजारच्या ताटावर मान खाली घालून जेवत होतीस, मला वाटलं, लहान आहे, हिला काय कळतंय. पुढे वस्ती जळाली. मी तोंडाला कुलूप लावून बसलो. तुझ्या कागदावरच्या माणसाने मात्र ते मैदानभर ऐकवलं. मला त्याचा अभिमान वाटला, बये, आणि तोच नडला.

चहाच्या टपरीवर मी सांगत सुटलो. हा स्पीकरवाला म्हणजे मीच, आणि पुस्तकातलं सुतळीने बांधलेलं मशीन ते हेच, या बघायला. टपरीवाला म्हणाला, काका, आता तुमची सही घेऊनच चहा द्यायला पाहिजे. सगळे हसले, मीही हसलो. साठी बुद्धी नाठी म्हणतात, मी तर सत्तरीही ओलांडली.

मग साध्या कपड्यांतले दोघे घरी आले. फार अदबीने बोलले. म्हणाले, काका, तुमची लेक वकिलातर्फे कळवते की पुस्तकातलं सगळं मनचं रचलेलं आहे. तुम्ही म्हणता स्पीकरवाला खरा. मग पुढारीही खराच म्हणायचा का? मी म्हणालो, साहेब, म्हातारा माणूस, चार लोकांत बढाई मारली. लेक कुठे आहे, विचारलं. ठाऊक नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. धाकट्याच्या हातात तुझं पुस्तक होतं, शेवटाकडच्या एका पानाचा कोपरा दुमडलेला. जाताना त्याने दारासमोरच्या खांबाकडे बघितलं आणि म्हणाला, या वयात अजून चढता का, काका? जपा.

ते गेल्यावर मशीनची सुतळी सोडायला घेतली. गाठ सुटेना, शेवटी कापली. मग तुझं पुस्तक काढून शेवटचं प्रकरण पुन्हा वाचलं. कर्णा बांधताना स्पीकरवाला खांबावरून पडून मरतो. लपून राहिलेली त्याची लेक शेवटचं तोंड बघायला येते आणि दारातच पकडली जाते.

म्हणून हे लिहितोय. मी गेलो असा निरोप आला तर येऊ नकोस. निरोप खोटा असेल तर त्यांनी तो तुझ्याच पुस्तकातून उचललाय. खरा असेल, तरी तिथूनच उचललाय. माझं मागचं सगळं मावशी बघेल, तिच्याशी बोललोय. आणि एक ध्यानात ठेव. गुडघे गेल्यापासून मी खांबावर चढतच नाही. हे मी त्यांना सांगितलेलं नाही, तुला सांगून ठेवतो.

तुझाच,
अजून जमिनीवर असलेला बाप