मागची चावी

४ ऑगस्ट

ती. मामास,
सा. न. वि. वि.

नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेटची जागा रिकामी झालीय आणि मला परीक्षेला बोलावलंय! लगेच नाचू नकोस, पुढे वाच. खालचे सूर माझे छान जातात. वरच्या पट्टीत गेले की मात्र असा किरटा आवाज निघतो, की शेजाऱ्यांचं कुत्रं उठून आत जातं. फुंकायच्या टोकाला वेताची जाड पट्टी, जाड रीड लावून पाहिली, ओठ आवळून पाहिले. खालचा ओठ आतून सोलला, सूर आहे तसाच. आई म्हणते, बँकेत अर्ज कर आणि आमच्या कानांना सुट्टी दे. ही जागा हुकली तर ती खरंच करायला लावेल. तू सगळी नोकरी बँडमध्ये हेच सूर वाजवण्यात काढलीस. काहीतरी सांग, आणि चिडवू नकोस.

तुझी (अजून तरी) लाडकी,
चिमणी

१० ऑगस्ट

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

चिडवू नकोस म्हणतेस आणि वर कुत्र्याची गोष्ट सांगतेस! तुझं काय चुकतंय ते मी इथे बसून सांगतो. वरचा सूर येणार हे तुला आधी कळतं आणि धास्तीने तू दात आवळतेस. मग रीडला थरथरायला जागाच उरत नाही. ती जाड रीड आधी डबीत टाक.

आता ऐक. खालचा सूर भरून धर. अंगठ्याजवळची मागची चावी, जिने सूर वर उडतो, ती दुसऱ्या कुणाला तरी दाबू दे. केव्हा दाबणार ते तुला कळता कामा नये. तू फक्त पोटातून श्वास सोडत राहा, सूर आपला आपण भरदार वर जाईल.

या कामाला तुझ्या आईला बसव. नाही म्हणेल, तरी बसव. लहानपणी माझ्यासाठी तीच दाबायची, आणि असं बेसावध गाठायची की माझी त्रेधा उडायची. माझं म्हणशील तर कवळी बसल्यापासून क्लॅरिनेट कपाटावर आहे. खोट्या दातांनी फुंकून हसं कोण करून घेणार? तू वाजव, मी ऐकतो.

तब्येतीला जप, सरावाला जास्त जप.
मामा

२ सप्टेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आई आधी म्हणाली, मला दुसरे उद्योग आहेत. मग हात पुसत आली आणि स्टूल ओढून बसली. काय दाबते रे! मध्येच विचारते, दूध तापवलंस का. मी मान हलवते, तेवढ्यात दाबते. काल वरचा सूर इतका गोल आणि भरलेला आला की आईचं बोट चावीवरच राहिलं. मग म्हणाली, तुझ्या मामाला याला वर्ष लागलं होतं. घे, चिडवून झालं.

परीक्षा सोमवारी. तयारी पक्की आहे. फक्त तिथे चावी मलाच दाबायची आहे.

आशीर्वाद पाठव, उपदेश पुरे.
चिमणी

९ सप्टेंबर

चि. बाळूस,
अनेक आशीर्वाद.

पोरीला जागा मिळाली! मी दाराबाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसले होते. तिचा खालचा सूर लांबत गेला आणि माझं बोट आपोआप पर्सच्या कडीवर दाबलं गेलं. त्याच वेळी आतून वरचा सूर आला. दार बंद होतं, तरी बाहेरचा सगळा बोळ भरून गेला. शेजारचे उमेदवार आपापल्या रीडकडे बघायला लागले. बाहेर आल्यावर ती म्हणाली की आई केव्हा दाबतेय याचीच ती वाट बघत होती, चावी स्वतः दाबल्याचं तिला आठवतही नाही. मला रडू आलं, साफ सांगते. बँकेचं नाव आता या घरात निघणार नाही.

आता तुझ्याकडे वळते. कवळीचं रडगाणं पोरीला सांगितलंस, मला सांगू नकोस. तिला म्हणालास, धास्तीने दात आवळू नकोस, आणि स्वतः काय केलंस रे? रविवारी क्लॅरिनेट घेऊन ये. तू खालचा सूर धर. केव्हा दाबायची ते मी बघते.

लोभ आहेच, धाकही आहे.
तुझी ताई