पिंकीची खोली

भाईंदर (पूर्व),
९ जानेवारी २०२५

प्रिय मनोरमाताई,

नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत, आणि तू गुडघ्याला रोज तेल लावतेस असं धरून चालते.

फोन असताना पत्र कशाला, असं पिंकी म्हणेल. म्हणू दे. फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस. शिवाय इतकी वर्षं प्रत्येक जत्रेच्या मैदानातून तुला पत्र टाकत आले, आता पक्कं घर झालं म्हणून बंद करू की काय?

तर घर. तळमजला, दोन खोल्या, मोरी आत, कडप्प्याचा ओटा. नळाला पाणी घरातच येतं, ताई! पहिल्या आठवड्यात मी उगाचच तो नळ सोडून बघायचे. आकाशपाळणा विकला त्या दिवशी हे फार रडले. म्हाताऱ्या बापाला परक्याच्या दारात सोडून आल्यासारखं वाटतंय, म्हणाले. पण वय झालं, गुडघे बोलायला लागले, आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर किती दिवस वाहायचं? माणसानं कुठंतरी टेकावं.

कोपऱ्यावरचा वाणी विचारत होता, "आंटी, पहले किधर रहते थे?" मी म्हटलं, कधी पाली, कधी मांढरदेव, कधी जेजुरी. त्याला वाटलं आम्ही फार देवभक्त. तेव्हापासून नारळ निवडून देतो. मीही खुलासा केला नाही.

आता मुद्द्याचं. डोहाळजेवण झालं की पिंकीला तुझ्याकडून इकडे, तिच्या आईकडे पाठव. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं आणि मला ते करायचंय. लग्नात तिच्या सासूबाई काय म्हणाल्या होत्या, आठवतं? "मुलीचं माहेर कुठलं सांगायचं हो, पाळण्यातलं?" सगळे हसले. मीही हसले. तू एकटी हसली नाहीस. पहिलीपासून ती तुझ्या दारात वाढली, जत्रा बंद असायच्या ते पावसाळ्याचे दिवस काय ते माझे. मी तुझ्या हातून तिला ओढून घेतेय असं मनात आणू नकोस. पण एवढं एक मला करू दे.

हे तिच्यासाठी खोली करतायत. दोन खोल्यांमधली भिंत अडचण करत होती, ती काढून टाकली. घरभर धूळ. वरच्या मजल्यावरची डॉरिस भांडायला म्हणून खाली आली आणि चहा पिऊन गेली. बाई मोठी गोड आहे. मूळची उत्तनची, तिच्या तोंडची भाषा ऐकत राहावी.

पिंकीला माझा गालगुच्चा.

तुझी,
उर्मिला



भाईंदर (पूर्व),
६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. डिंकाचे लाडू इकडे मिळत नाहीत असं तुला का वाटलं कोण जाणे, इथं फलटणपेक्षा जास्त मिळतं. पण तुझ्या हातचे पाठव.

खोली सुरेख झाली आहे. भिंतींना फिकट पोपटी रंग दिला. पिंकीची खाट खिडकीशी, पायथ्याशी बाळाचा पाळणा, आणि मी खाली सतरंजीवर. आधी खाट बसतच नव्हती. भिंत काढल्यावर मध्ये खांब उरला, चांगला जाडजूड, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा ऐन वाटेत. हे म्हणाले, थोडा तासतो. आमचं आयुष्य सगळं नटबोल्टचं, तुला माहीत आहे. अडलं की खोलायचं, खुललं नाही की कापायचं, आणि पुढच्या गावात पुन्हा जोडायचं. ह्यांनी खांबाची एक बाजू छिन्नीनं काढली. आतल्या सळ्या आडव्या येत होत्या, त्यातल्या दोन कापल्या. वरून सिमेंट फिरवून असा काही गुळगुळीत केला की बघत राहावं. आता खाट बसते.

तू डोहाळजेवणाची तारीख कळवली आहेस. घाई कशाला करतेस? चार दिवस पुढं गेलं म्हणून काही बिघडत नाही.

बाकी इकडचं ठीक. डॉरिसचा दरवाजा सध्या लागत नाही. "अगो उर्मिला, माझा दार चौकटीत बसतच न्हाय गो," म्हणाली. तिचा नवरा गॅब्रियल रंधा घेऊन दाराची खालची कड तासत बसला होता. लाकूड फुगलंय म्हणतो. फेब्रुवारीत कुठलं लाकूड फुगतं? दोन दिवसांनी पाहिलं तर पुन्हा तासत होता.

आमच्या खोलीतही वर, तुळई आणि भिंत मिळतात तिथं, केसासारखी एक रेघ आली होती. ह्यांनी पांढरं सिमेंट भरलं. सकाळी ती पुन्हा होती. पुन्हा भरलं. आता मी तिकडं बघायचं सोडलंय.

सोसायटीचा सेक्रेटरी पराग म्हणून एक मुलगा आहे. त्याला जिन्यात भेटल्यावर सहज विचारल्यासारखं विचारलं. म्हणाला, "काकी, टेन्शन नका घेऊ. जुनी बिल्डिंग आहे, थोडंफार चालायचंच." मला बरं वाटलं. मग हे घरात काय करतायत ते बघितलं आणि बरं वाटणं गेलं.

पाळणा विकला तरी ह्यांनी त्याचा मोठा जॅक ठेवून घेतला होता. मैदान वरखाली असलं की पाळण्याच्या बैठकीखाली लावायचो तो. तो ह्यांनी खांबाला लागून उभा केलाय, वर लोखंडी पाइप, पाइपाचं टोक तुळईला. मी विचारलं, हे काय? म्हणाले, "काही नाही. आधार." पिंकी आल्यावर तिची ओटी भरायला येणाऱ्या बायकांना दिसायला बरं दिसणार नाही म्हणून मी त्याच्याभोवती जुन्या साडीचा पडदा लावला. पण रोज सकाळी मी चहा ठेवायला गेले की हे पडद्यामागे जातात आणि दांड्याला एक फेरा देतात. मला आवाज येतो. आधार एकदा लावला की लावला. रोज फेरा का द्यावा लागतो, ते मी विचारत नाही आणि हे सांगत नाहीत.

पिंकीला इकडे यायचं एवढ्यात ठरवू नका. रंगाचा वास आहे अजून, पोटुशा बाईला चांगला नाही. वास गेला की कळवते.

तुझी,
उर्मिला



भाईंदर (पूर्व),
२७ फेब्रुवारी, दुपार

ताई,

परवा फोनवर मी एवढंच म्हणाले की पिंकीला पाठवू नकोस. फोन स्पीकरवर होता हे तिचा आवाज आला तेव्हा मला कळलं. "आई, तुझ्याकडे माझ्यासाठी जागा होती कधी?" एवढंच बोलली आणि फोन ठेवला. मी परत करायला हवा होता. काय सांगायचं ते सुचेना, म्हणून नाही केला.

आता तुला सगळं सांगते. तो खांब तासायला नको होता. एकट्या ह्यांच्यावर ढकलत नाही, छिन्नी ह्यांच्या हातात होती आणि खाली घमेलं मी धरलं होतं. मजा वाटत होती आम्हाला. पाल ठोकून राहणाऱ्या माणसाला भिंत म्हणजे कनात वाटते, नको असली की काढायची. आमच्या डोक्यावर कधी कुणी राहिलंच नाही गं. वर आभाळ असायचं. इथं वर चार मजले माणसं झोपतात, हे डोळ्यांना दिसत होतं पण डोक्यात शिरलं नाही.

काल सकाळी चहा गाळत होते आणि कडकन आवाज झाला. पडदा बाजूला केला तर जॅकखालची फरशी फुटून खाली गेली होती, आणि खाटेवर चढून हात लावला तर वरच्या त्या रेघेत माझं बोट गेलं. हे म्हणाले, "उर्मिला, कुणाला बोलू नकोस. आपल्याला घरातून काढतील." आणि हात जोडले. मला, ताई. लग्न झाल्यापासून मी ह्यांना कुणापुढं हात जोडताना पाहिलं नव्हतं.

मी चहा तसाच ठेवून वर गेले. डॉरिस मांदेली साफ करत बसली होती. तिला सगळं सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली, हात धुतले आणि म्हणाली, "तू आदी का न्हाय सांगितला? माझी नात हितं झोपते गो, बरोबर तुझ्या डोक्यावर." मग ती प्रत्येक मजल्यावर दारं ठोकत गेली. पराग खाली आला, पडद्यामागं बघितलं. म्हणाला, "काकी, काय केलंत हे?"

परागनं तेव्हाच इंजिनिअरना फोन लावला, पण ते आज सकाळी आले. उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं, वर बघितलं, आणि मागं फिरले. "सगळे खाली उतरा. सामान राहू दे, माणसं उतरवा." पण लोक सामान सोडतात होय? देव्हारे, गॅसचे सिलिंडर, शाळेची दप्तरं, सगळं जिन्यातून उतरलं. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. तिसऱ्या मजल्यावरची गुजराती बाई तेवढी थांबली, तिनं बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता वर एकच घर राहिलंय. चौथ्या मजल्यावर आत्मारामकाका म्हणून आहेत. अंथरुणावर, ऑक्सिजनवर. त्यांना खुर्चीत बसवून उतरवणं जमत नाही, स्ट्रेचर लागणार. रुग्णवाहिका निघाली आहे पण वरसाव्याला ट्रॅफिकमध्ये अडकली. पराग त्यांच्याजवळ बसून आहे. पोरगं शहाणं आहे, पळालं नाही.

मी ह्यांना म्हटलं, चला आता. हे हलत नाहीत. जत्रेतला एक नियम मी तुला कधी लिहिला नसेन. वीज जावो, वादळ येवो, वरच्या डब्यात माणूस आहे तोवर पाळणेवाल्यानं ब्रेकवरचा हात सोडायचा नाही. शेवटचा माणूस उतरवायचा आणि मग आपण बाजूला व्हायचं. ह्यांच्या वडिलांनी ह्यांना शिकवलेलं. हे जॅकचा दांडा धरून बसलेत. इंजिनिअर दारातून ओरडून सांगत होते की त्या जॅकचा आता काही उपयोग नाही. ह्यांनाही ते ठाऊक असणार. लोखंडात जन्म गेला ह्यांचा.

मला बाहेर जाता आलं असतं. इंजिनिअर, डॉरिस, सगळ्यांनी हाका मारल्या. पण ह्यांना इथं एकटं सोडून रस्त्यावर उभं राहून बघत बसणं मला जमणार नाही. म्हणून पिंकीच्या खाटेवर बसून तुला लिहितेय. हात चालू राहिला की भीती कमी वाटते. मला भीती वाटतेय, ताई. खूप.

आत्ता वर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. वरचं घर तर रिकामं आहे. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली मान घातली.

डॉरिस पत्र पेटीत टाकते म्हणाली. दाराबाहेर उभी आहे. ती आत येत नाही, मीही ये म्हणत नाही. तेव्हा आता थोडक्यात लिहिते.

पिंकीला यातलं काही कळू देऊ नकोस. टीव्ही लावू नकोस, शेजारणींना सांगून ठेव; पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून एवढं डॉरिस आजच तुला फोनवर सांगेल. चिडली आहे तर चिडू दे, रागानं बाळाला काही होत नाही. घाबरली तर होईल. बाळंतपण तुझ्या घरी कर. तिच्या सासूबाईंना सांग, माहेर फलटणला आहे आणि पहिल्यापासून तिथंच होतं. पहिली आंघोळ तू घाल. बाळाच्या कानात नाव तू सांग. माझ्यासाठी थांबू नकोस.

बाळ महिन्याचं झालं, पिंकी नीट जेवायखायला लागली, की एकदा तिला जवळ बसवून सांग. आईकडे तुझ्यासाठी जागा नव्हती असं नाही म्हणावं. तुझ्यासाठी जागा करायला गेली म्हणून हे झालं.

तिला सांभाळ. इतकी वर्षं सांभाळलीस, तशीच.

तुझी धाकटी,
उर्मिला